एकाच कॉम्प्युटरवर दोन स्क्रीन रीडर : हे भांडण कुठून आलं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आमच्या अंध मुलांच्या कॉम्प्युटरवर दोन-दोन स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारे प्रोग्राम, दिसतात ते हौस म्हणून नाही. घरी मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि परीक्षेचा अभ्यास इंग्लिशमध्ये. जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरमधल्या एलोक्वेन्स आवाजावर आमच्या कितीतरी जणांचा कान बसलाय, पण तो मराठी पण बोलत नाही आणि कन्नड पण नाही. एनव्हीडीए या फुकटच्या स्क्रीन रीडरसोबत येणारा ईस्पीक आवाज दोन्ही बोलतो, जरा पत्र्यासारखा वाजतो पण बोलतो. त्यात जॉजची किंमत परवडायची नाही, म्हणून बरेच जण डेमोवर चालवायचे, ४० मिनिटं झाली की कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागायचा, आणि काम मध्येच अडकू नये म्हणून बाजूला एनव्हीडीए चालू करून ठेवायचे. असं करत करत दोन्ही एकदम चालू राहायला लागले.

मी विंडोज एक्सपीच्या काळात शिकलो, त्यामुळे तिथलं जास्त सांगता येईल. तेव्हा स्क्रीनवर काय लिहिलंय हे कळायला स्क्रीन रीडर विंडोज आणि डिस्प्ले ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्राम) यांच्या मध्ये स्वतःचा ड्रायव्हर घालून बसायचा, तिथून जे जे जाईल ते टिपून स्क्रीनची एक नक्कल स्वतःकडे ठेवायचा. बसायला जागा एकच. जॉजनंतर विंडो-आईज हा दुसरा स्क्रीन रीडर टाकला किंवा अक्षरं मोठी करणारं एखादं सॉफ्टवेअर टाकलं की नंतरचा आधीच्याच्या डोक्यावर बसायचा, आणि काढताना उलट्या क्रमाने नाही काढलं तर दोन्ही बिघडायची भीती. पुढे हे मध्ये बसणारे ड्रायव्हर साखळीने एकामागे एक लावून देणारा एक समाईक प्रोग्राम आला, तेव्हा कुठे जरा शांतता झाली. एनव्हीडीए २००६ मध्ये सुरू झाला तो असला ड्रायव्हर न टाकताच, पेनड्राइव्हवरून पण चालतो. आणि विंडोज ८ पासून जुन्या पद्धतीचे डिस्प्ले ड्रायव्हरच गेले.

म्हणजे ते भांडण कधीच मिटलं. तरी आमच्याकडे अजून सांगतात, दोन टाकू नको, विंडोज उडेल. टाकणं वेगळं आणि एकदम चालू ठेवणं वेगळं, हा फरक कुणी सांगतच नाही. आज दोन काय, तीन टाकून ठेवले तरी काही होत नाही. अडचण येते ती एकदम चालवताना.

त्यातली उघड अडचण इन्सर्ट कीची. दोघांची कमांड इन्सर्टवर. कीबोर्डवरची की नंतर चालू केलेल्या प्रोग्रामकडे बहुतेक वेळा आधी जाते आणि तो ती गिळतो. जॉजमध्ये इन्सर्ट आणि क्यू दाबलं की कुठला प्रोग्राम उघडा आहे ते सांगतो, एनव्हीडीएमध्ये तेच दाबलं की बंद करू का म्हणून विचारतो. नवीन मुलगा घाबरून एंटर मारतो आणि आवाज गेला. वेब पेजवर तर दोघांचे कर्सर वेगवेगळे, एक हेडिंगवर उभा, दुसरा वरच कुठेतरी. "सर, दोघं एकदम बोलायलेत" अशी तक्रार आली की निदान कळतं तरी काय झालंय ते.

जी अडचण कळतच नाही ती आहे फ्लॅगची, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्लाय. विंडोज ९५ च्या पिढीपासून विंडोजमध्ये एक खूण, म्हणजे हा फ्लॅग, आहे, स्क्रीन रीडर चालू आहे की नाही एवढंच सांगणारी. स्क्रीन रीडर सुरू होताना ती लावतो, बंद होताना काढतो. बाकीचे काही प्रोग्राम ती बघून ठरवतात की आपला मजकूर वाचता येईल असा पुढे करायचा की नाही. पण ही खूण मोजत नाही. दोन चालू असले तरी खूण एकच, आणि त्यातला एक बंद झाला की तो खूण काढून जातो, दुसरा बिचारा बोलतोय तरी. वाड्याच्या जिन्यात दिवा एकच आणि जाणारा भाडेकरू तो बंद करून गेला, वर कुणी चढतंय का न बघता, तसं.

आमच्याकडे शिकणाऱ्या खानापूरच्या एका मुलीचं असंच झालं होतं. जॉज चालू, नंतर एनव्हीडीए चालू केला, मग जॉज बंद केला. स्टार्ट मेन्यू नीट वाचतोय, डेस्कटॉप वाचतोय, आणि नोट्सची पीडीएफ उघडली की गप्प. "सर, कालपर्यंत वाचत होतं हो." आम्ही फाइल खराब समजलो, मग नुडी या कन्नड फॉन्टमधली जुनी फाइल असेल म्हणालो, शेवटी पीडीएफचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. दुपार गेली. पोरीला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यावर मतं दोन आहेत. एक म्हणतं की प्रोग्रामांनी असली खूण बघायलाच नको होती, मजकूर कायम वाचता येईल असाच ठेवायला हवा होता. ते बरोबरच आहे. पण मग विंडोजने किती जणांनी खूण लावली ते मोजायला काय हरकत होती? त्यात विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, ही खूण लावतच नाही, तसं त्यांच्याच कागदपत्रांत लिहिलंय. म्हणजे खुणेवर विसंबलेल्या प्रोग्रामला नॅरेटर आहे हे तिच्यावरून कळणारच नाही.

नंतरच्या गोष्टींनी भर घातली. २०१६ मध्ये एनव्हीडीएत बाकीचे आवाज खाली आणायची सोय आली, ती चालू असली की जॉजचा आवाज पण दबतो. २०१७ च्या विंडोज अपडेटमध्ये नॅरेटर विंडोज, कंट्रोल, एंटर या तीन कीवर आला आणि चुकून चालू व्हायला लागला. २०१८ मध्ये एनव्हीडीए ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचं ब्रेलच्या टिंबांत दाखवणारं यंत्र) आपोआप शोधून धरायला लागला, आणि एकाने धरलेला डिस्प्ले दुसऱ्याला मिळत नाही.

आता आम्ही मुलांना एवढंच शिकवतो: दुसरा स्क्रीन रीडर बंद केलास की कंट्रोल, ऑल्ट, एन दाबून एनव्हीडीए परत चालू कर, मग पीडीएफ बंद करून पुन्हा उघड. एनव्हीडीए नव्याने सुरू होतो, खूण परत लागते आणि नोट्स वाचायला लागतात.