माती, पाणी आणि अधिवासांचे सरकारी नकाशे (महाराष्ट्र)

जमीन कुठल्या जातीची, खाली पाणी किती आणि वर जंगल आहे की माळ की पाणथळ, हे सांगणारा सरकारी नकाशांचा डेटा महाराष्ट्रात एका छताखाली मिळत नाही. माती नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोकडे, भूजल पुण्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे म्हणजे जीएसडीएकडे, जंगल डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे, आणि उपग्रहावरून काढलेलं बरंच काही नागपूरच्याच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे म्हणजे एमआरसॅककडे. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, मोजायची रीत वेगळी, त्यामुळे एकाच गावाबद्दल दोन नकाशे दोन गोष्टी सांगतात आणि बरेचदा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

मातीपासून बघू. ब्यूरोची स्थापना १९७६ ची, आणि राज्याराज्यांचे मृदा नकाशे त्यांनी १:२,५०,००० प्रमाणावर केले. हे काम ऑफिसात बसून होत नाही. शेतात माणूस उभा राहील एवढा खड्डा खणतात, खडक लागेपर्यंत किंवा दीड-दोन मीटरपर्यंत, मग भिंतीवरचे थर वेगळे करायचे, ढेकूळ ओलं करून मन्सेलच्या रंगपुस्तकातल्या चौकोनांशी रंग जुळवायचा, पातळ ॲसिडचा थेंब टाकून फेस येतो का बघायचं, फेस आला की चुनखडी आहे. काम खरंच कसून होतं. पण त्या प्रमाणावर नकाशावरचा एक चौरस सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ६२५ हेक्टर, आणि शेतकरी भारी, मध्यम, हलकी, बरड, चोपण असे भेद एकाच गटाच्या दोन बांधांमध्ये करतो. नकाशा जिल्ह्याच्या नियोजनासाठी होता, बांधावरच्या निर्णयासाठी नव्हताच.

२०१५ मध्ये आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेनं हे अंतर थोडं कमी केलं. त्यात १२ घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मात्र नमुना ग्रिडप्रमाणे घ्यायचा ठरला, बागायतीत २.५ हेक्टरला एक आणि जिरायतीत १० हेक्टरला एक, म्हणून कोरडवाहू गावात पत्रिकेवर नाव आपलं आणि माती शेजाऱ्याच्या रानातली असं होऊ शकतं.

पाण्याचा नकाशा सगळ्यात जास्त वापरात येतो आणि भांडणंही त्याच्यावरूनच होतात. जीएसडीएनं राज्याचे दीड हजारांच्या आसपास पाणलोट पाडलेत आणि त्यांना नदीखोऱ्यावरून नंबर दिलेत, गोदावरीचे जीव्ही, भीमेचे बीएम असे. निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेतात, ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात आणि पावसाची तूट त्यात धरली की कुठे टंचाई येणार याचा अंदाज निघतो, टँकरचं नियोजन पुढे त्यावर चालतं. दुसरीकडे वर्षाला जेवढं पाणी मुरतं त्यातलं किती उपसलं जातं याची टक्केवारी काढतात: ७० पर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. अतिशोषित भागाला लोक सरळ डार्क झोन म्हणतात. रावेर-यावलचा केळीचा पट्टा आणि वरुड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा ही त्यातली नेहमीची नावं, आणि तसा शिक्का बसला की नवीन विहिरीच्या अनुदानाला अडकाठी येते, मग त्या पाणलोटातल्या ज्याच्या शिवारात अजून विहीरच नाही तोही भरडला जातो.

यात अवघड भाग खडकाचा आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, आणि काळ्या पाषाणात पाणी साठतं ते फक्त वरच्या झिजलेल्या मुरमात नाहीतर भेगांमध्ये, त्यामुळे एका विहिरीला धो धो पाणी आणि पन्नास पावलांवरची कोरडी ठाक, हे आपल्याकडे कुणालाच नवीन नाही. एका निरीक्षण विहिरीवरून अख्ख्या पाणलोटाबद्दल बोलायचं म्हणजे हंडीतलं एक शीत दाबून दुसऱ्याच हंडीतल्या भाताचा अंदाज बांधणं. अकोला, बुलढाणा, अमरावतीतला पूर्णेकाठचा खारपाण पट्टा तर वेगळंच प्रकरण, तिथे खाली पाणी आहे पण खारं, आणि नुसत्या पातळीच्या नकाशावर ते गोड पाण्यासारखंच दिसतं.

अधिवासांच्या नकाशात व्याख्या हाच सगळा खेळ आहे. वन सर्वेक्षणाचा अहवाल १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी येतो आणि त्यात एक हेक्टर किंवा जास्त क्षेत्रावर झाडांची सावली १० टक्क्यांच्या वर असली की वनाच्छादन धरतात, जमीन कुणाची आणि झाड कुठलं हे बघत नाहीत. म्हणजे कोकणातली आंब्याची बाग, नारळीची वाडी यांचाही त्यात हिशोब. उलट सोलापूर, नगर, पुण्याचं माळरान, जिथे लांडगे आणि चिंकारा फिरतात आणि सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं तो माळढोक पक्षी राहायचा, ते केंद्राच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी किंवा पडीक रकान्यात जातं. पडीक लिहिलं की तिथे झाडं लावायची योजना येते नाहीतर सोलर प्लांट, गवताळ अधिवास म्हणून कुणी विचारच करत नाही. माझ्या मते या सगळ्या डेटातली सर्वात महागात पडलेली चूक हीच.

पाणथळींचं तसंच. अहमदाबादच्या इस्रो केंद्रानं २०११ मध्ये राष्ट्रीय पाणथळ ॲटलास काढला, त्यात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या जागांच्या हद्दी आखल्या आणि लहान तळी नुसत्या ठिपक्यांनी दाखवली. सुप्रीम कोर्टानं ज्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यायला सांगितलं ती यादी या ॲटलासमधलीच, मग ठिपक्यातली गावतळी अर्थातच बाहेर राहिली.

नकाशामुळे खरंच काही वाचल्याचं उदाहरण हवं असेल तर कांदळवनं बघा. मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २००५ मध्ये तोड थांबवली, भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामाला मनाई केली आणि एमआरसॅकला उपग्रहावरून नकाशे करायला सांगितले. झाडं दिसणं सोपं होतं, खरी मेहनत ती कुठल्या सर्वे नंबरात येतात हे ठरवण्यात गेली, कारण गावनकाशे शंकू-साखळीच्या जुन्या मोजणीचे, उपग्रहाच्या चित्रावर ठेवले की कडा जुळत नाहीत, आणि सर्वे नंबर पक्का झाल्याशिवाय ना अधिसूचना निघते ना सातबाऱ्यावर नोंद होते.

हा डेटा बघायला मिळणं आता पूर्वीपेक्षा सोपं आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारे नकाशे, २०१७ मध्ये आधार नंबर देऊन फुकट उतरवायला मिळू लागले, इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर भू-वापराचे थर दिसतात, आणि फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी नकाशे काढायला, विकायला आधी लागणाऱ्या बऱ्याच परवानग्या काढून टाकल्या. तरी पुष्कळ काही नुसतं स्क्रीनवर बघण्यापुरतंच असतं किंवा पीडीएफमध्ये, तालुक्याचा एक रंगीत ठिपका म्हणून, ज्यावर आपला गट शोधायचा म्हटलं तर नाद सोडावा लागतो.