लाल बूट कोणाचे? ऑझच्या पूर्वकथेमागची कथा

मार्च २०१३ मध्ये डिस्नेचा ‘ऑझ द ग्रेट अँड पॉवरफुल’ आला तेव्हा जो तो त्याला १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’शेजारी उभा करून मापत होता. त्या मापात तो खुजा ठरला, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. पण ज्या चित्रपटाची पूर्वकथा म्हणून लोक तो पाहायला गेले, त्या चित्रपटातलं काहीही उचलायची डिस्नेला मुभा नव्हती. त्यामागचा इतिहास चित्रपटाहून रंजक आहे.

मूळ पुस्तक एल. फ्रँक बॉम यांचं, १९०० सालचं: अमेरिकेतल्या कॅन्ससची मुलगी डोरोथी वादळात उडून ऑझ नावाच्या जादूच्या देशात पोचते, त्याची गोष्ट. त्याचा कॉपीराइट १९५६ मध्ये संपला, तेव्हापासून ते सगळ्यांचं झालं. एमजीएम स्टुडिओने १९३९ मध्ये काढलेला चित्रपट मात्र हात बदलत वॉर्नर ब्रदर्सकडे आला आणि आजही तिथेच आहे. पंचाईत अशी की ‘ऑझ’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं बरंचसं पुस्तकात नाहीच. डोरोथीचे बूट बॉमच्या पुस्तकात चांदीचे आहेत; टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्रात खुलून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लालभडक झाले. दुष्ट चेटकीण पुस्तकात एकाक्ष आहे, तिचं हिरवं तोंड ही चित्रपटाची देणगी. सगळं स्वप्नच होतं, हा शेवटही चित्रपटाचा. बॉमचं ऑझ खरंखुरं आहे. पुढच्या एका पुस्तकात डोरोथी काका-काकूंना घेऊन कायमची तिथे राहायलाच जाते.

१९८५ च्या ‘रिटर्न टू ऑझ’साठी डिस्नेने लाल बूट वापरले होते, पण एमजीएमला पैसे मोजून. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने चित्रपटातल्या पात्रांच्या खास रूपावर वॉर्नरचा हक्क मान्य केला. त्यामुळे दोन वर्षांनी आलेल्या, सॅम रायमीने दिग्दर्शित केलेल्या डिस्नेच्या चित्रपटात लाल बूट नाहीत, चेटकिणीच्या हनुवटीवरचा तीळ नाही आणि तिच्या हिरव्या रंगाची छटासुद्धा जपून वेगळी ठेवलेली आहे. आठवण तर व्हावी, पण सारखं दिसू नये, अशी ती कसरत होती.

जुना चित्रपट पहिल्या दिवसापासून लाडका होता असंही नाही. त्याला सुमारे २८ लाख डॉलर खर्च आला आणि पहिल्या प्रदर्शनात एमजीएमला तोटाच झाला. १९४९ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा कुठे नफ्यात आला. त्याला घराघरांत नेलं ते टीव्हीने: ३ नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएस वाहिनीने तो पहिल्यांदा दाखवला आणि १९५९ पासून तो जवळजवळ दरवर्षी सणासारखा येऊ लागला. (कित्येक घरांत टीव्ही कृष्णधवल होता. तपकिरी कॅन्ससमधून रंगीत ऑझमध्ये उघडणारं ते प्रसिद्ध दार त्या मुलांनी करड्यातून करड्यातच उघडताना पाहिलं.) पिढ्यांच्या अशा सवयीशी नव्या चित्रपटाने पहिल्याच आठवड्यात टक्कर द्यायची म्हणजे अवघडच.

पूर्वकथेची कल्पनाही रायमीची नव्हे. ऑझचा जादूगार मुळात सर्कशीतला बलूनवाला, हे बॉमच्या पहिल्याच पुस्तकात आहे. १९०८ च्या पुस्तकात बॉमने जादूगाराच्या नावाची गंमतही सांगून टाकली. वडिलांनी ठेवलेलं नाव ऑस्कर झोरोअॅस्टर असं सुरू होऊन डिग्जपर्यंत लांबलचक जातं. पहिली दोन आद्याक्षरं ‘ओझेड’, म्हणजे ‘ऑझ’, आणि उरलेल्यांचा शब्द होतो ‘पिनहेड’, म्हणजे मठ्ठ! म्हणून गड्याने बलूनवर फक्त पहिली दोन रंगवली. ती पाहून लोकांना वाटलं, हाच आपला राजा. एका ओळीचा हा विनोद मला रायमीच्या चित्रपटात जादूगार झालेल्या जेम्स फ्रँकोच्या दोन तासांच्या भविष्यवाणी-प्रकरणापेक्षा सरस वाटतो.

रायमीने जुन्यातून एक युक्ती मात्र घेतली: कॅन्ससमधलेच नट ऑझमध्ये दुसऱ्या रूपात भेटतात. १९३९ मध्ये तिला अर्थ होता, कारण सगळं डोरोथीचं स्वप्न होतं. इथे ऑझ खरं आहे, त्यामुळे मिशेल विल्यम्स दोन्हीकडे का, याला उत्तर नाही. अपवाद एकच. कॅन्ससमध्ये व्हीलचेअरवरची मुलगी जादूगाराला म्हणते, मला चालतं कर. त्याला ते जमत नाही. पुढे ऑझमध्ये तो पाय तुटलेल्या चिनीमातीच्या मुलीचे पाय गोंदाने चिकटवतो, आणि तिचा आवाज त्याच मुलीचा, जोई किंगचा. चिनीमातीचा हा देश बॉमच्या पुस्तकात आहे, १९३९ च्या चित्रपटाने तो गाळला होता. वकिलांची धास्ती नसलेल्या जागीच चित्रपट मोकळा श्वास घेतो.

तिकीटबारीवर त्याने जगभरात सुमारे ४९ कोटी डॉलर कमावले, तरी पुढचा भाग आला नाही. पूर्वकथेची गादी चालवली ‘विकेड’ने. १९९५ ची कादंबरी, २००३ चं संगीत नाटक आणि नोव्हेंबर २०२४ चा चित्रपट, सगळे चेटकिणीची बाजू मांडणारे. त्या चित्रपटातही बूट पुस्तकाप्रमाणे चांदीचेच आहेत.

पुढच्याच महिन्यात १९३९ च्या चित्रपटातल्या लाल बुटांच्या एका जोडाचा लिलाव झाला. तो २००५ मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला होता आणि २०१८ मध्ये सापडला. बोली थांबली २ कोटी ८० लाख डॉलरवर, म्हणजे अख्ख्या चित्रपटाच्या खर्चाच्या दहापट. शुल्क धरून घेणाऱ्याला सव्वातीन कोटी पडले.