बालपरिचर्येचे तास वॉर्डातून कमी कसे झाले : पार्श्वभूमी

नर्सिंगचे पदवी शिक्षण देशात 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. परळला खास मुलांसाठीचे रुग्णालय 1929 पासून होते. कोकणातल्या अनेक मुली नर्सिंग शिकायला मुंबईलाच जात.

2021 पूर्वी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला बालपरिचर्या, म्हणजे मुलांच्या शुश्रूषेचा विषय, सलग शिकवला जाई : थिअरी 90 तास, वॉर्डातले प्रत्यक्ष काम 270 तास. दरम्यान 2005 नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून जिल्हा रुग्णालयांत नवजात शिशू कक्ष उभे राहिले आणि विषयाचा भरच बदलला. कमी वजनाचे बाळ वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या यंत्रावर) ठेवणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला बॅग-मास्कने श्वास देणे, ही कामे नर्सच्या रोजच्या ड्युटीत आली. अभ्यासक्रमात ती यायलाच हवी होती.

जुलै 2021 च्या राजपत्रातील नव्या नियमांनी विषय पाचव्या आणि सहाव्या सत्रात विभागला. थिअरी एकूण 100 तास, कौशल्य प्रयोगशाळा (जिथे पुतळ्यांवर सराव करतात) 40, वॉर्ड 240. नवजात बालकाची काळजी आणि लहान मुलांचे जीवरक्षण यांची प्रशिक्षणेही सक्तीची झाली. वाद आहे तो वॉर्डातून गेलेल्या 30 तासांचा. प्रयोगशाळेच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे : मुलांच्या सलाइनच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये (बारीक थेंबांच्या नळीत) एका मिलिलिटरचे 60 थेंब पडतात, आणि हे गणित पहिल्यांदा आजारी बाळाच्या खाटेशी करू नये. पण प्रयोगशाळेचे तास आधीच्या तासांवर वाढवून देता आले असते. वॉर्डाचे तास कापायची गरज नव्हती.

कोकणात हा फरक जास्त जाणवतो. लाल विंचू चावलेल्या पोराला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, पुढे फुप्फुसात पाणी होऊ शकते. 1980 च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांनी प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या गोळीचा वापर रुजवला आणि अशी मुले वाचू लागली. मात्र गोळी दिल्यावर रक्तदाब, नाडी, श्वास यांवर रात्रभर नजर ठेवते ती सिस्टर. गार पडत चाललेला हात पुतळ्यावर शिकता येत नाही.

त्यात इथले बालरुग्ण वॉर्ड लहान. गंभीर मूल कोल्हापूरला किंवा मुंबईला हलवतात, आणि त्याच्यासोबत विद्यार्थिनींची शिकण्याची संधीही जाते. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हे प्रमाण कागदावर जमते. पण तिन्ही खाटांवर ताप-जुलाबाचीच मुले असली तर केस प्रेझेंटेशनला (एका रुग्णाचा अभ्यास करून तो वर्गापुढे मांडायला) नवे काय मिळणार? म्हणून बाहेरगावचे पोस्टिंग लागते, त्यासोबत प्रवास आणि राहण्याचा खर्चही.

सिंधुदुर्ग आणि अलिबागला 2021 मध्ये, रत्नागिरीला 2023 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मंजूर झाली. बालरोग विभागाच्या खाटा त्यामुळे वाढतील. त्या वॉर्डांत नर्सिंगच्या विद्यार्थिनींना रात्रपाळीसह जागा मिळावी, ही इथल्या शिक्षिकांची मागणी रास्त आहे.