मेंढीचे प्रजनन (दख्खनी मेंढी)

महाराष्ट्राच्या पठारी भागातील मेंढी साधारणपणे वर्षातून एकदा विते आणि बहुतेक वेळा एकच कोकरू देते. मेंढी माजावर येते की नाही, फळते (गाभण राहते) की उलटते (न फळता पुन्हा माजावर येते), एक देते की दोन, आणि दिलेले कोकरू जगते की नाही, हे जात, वय, अंगावरचे मांस, ऋतू, मेंढा, रोगराई आणि मेंढपाळाची नजर या सगळ्यांवर ठरते. येथे दख्खनी मेंढी डोळ्यांसमोर ठेवून या घटकांचा विचार केला आहे. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे दख्खनीचे ओळखीचे प्रकार आहेत. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी त्यांच्यापेक्षा उंच, वजनदार आणि बाकदार नाकाची असते.

माज. मेंढीचे माजचक्र सरासरी १७ दिवसांचे असते. माज २४ ते ३६ तास टिकतो आणि स्त्रीबीज माजाच्या शेवटाकडे सुटते. गाय हंबरते, सोट (चिकट स्राव) टाकते, तसे मेंढी काही करत नाही. ती मेंढ्याच्या मागे घुटमळते, शेपूट हलवते आणि तो जवळ आला की स्थिर उभी राहते. म्हणजे कळपात मेंढा नसेल तर माज कळतच नाही. कोणती मेंढी कधी फळली याची नोंद हवी असल्यास गेरू तेलात कालवून मेंढ्याच्या छातीला रोज लावावा. ज्या मेंढीच्या ढुंगणावर रंग उमटला, तिची तारीख लिहून ठेवावी. १६ दिवस झाले की रंग बदलावा. जुन्या रंगावर नवा रंग चढला तर ती मेंढी उलटली. एखाद-दुसरी उलटणे चालते. अर्धा कळप उलटला तर दोष मेंढ्यात शोधावा.

ऋतू. समशीतोष्ण देशांतील मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. रात्र वाढते तसा मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक अधिक काळ स्रवते आणि त्या इशाऱ्यावर अंडाशय कामाला लागतो. स्कॉटलंडमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत दहा तासांहून अधिक फरक असतो, तर फलटण-बारामतीकडे तो जेमतेम दोन तासांचा. त्यामुळे दख्खनी मेंढी वर्षभरात केव्हाही माजावर येऊ शकते. तिचा खरा ऋतू ठरवतो तो पाऊस. मृगाच्या सरींनंतर कोवळे गवत आले, मेंढीच्या अंगात ताकद आली की जून ते ऑगस्टमध्ये बहुतेक कळप फळतो आणि कोकरे दिवाळीच्या आगेमागे ते थंडीत येतात. पाऊस लांबला की विण्याचा हंगामही लांबतो. पुस्तकातले परदेशी वेळापत्रक इथे लावणे म्हणूनच चुकीचे आहे.

चारा आणि अंगावरचे मांस. हा सर्वांत मोठा घटक आहे, आणि सुदैवाने तो माणसाच्या हातातही आहे. लोकर दाट असली की हाडकुळी मेंढीही भरलेली दिसते, म्हणून डोळ्यांनी नव्हे तर हाताने पाहावे. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर अंगठा आणि बोटे दाबावीत. मणक्याची टोके करवतीच्या दात्यांसारखी लागली तर मेंढी फार वाळलेली आहे. टोके गोलसर, दाबल्यावरच जाणवणारी असतील तर ती फळवायला योग्य, म्हणजे १ ते ५ च्या मोजणीत सुमारे ३. हाड लागतच नसेल तर ती अतिलठ्ठ, आणि अशीही मेंढी नीट फळत नाही.

मेंढे सोडण्याआधी दोन ते तीन आठवडे प्रत्येक मेंढीला रोज २०० ते ३०० ग्रॅम मका किंवा ज्वारीचा भरडा द्यावा आणि मेंढे सोडल्यानंतरही तो दोन-तीन आठवडे चालू ठेवावा. याने सुटणाऱ्या स्त्रीबीजांची संख्या वाढते. वाळलेल्या मेंढीला याचा गुण चांगला येतो, आधीच भरलेल्या मेंढीवर खर्च वाया जातो. खुराक एकदम वाढवू नये. पहिल्या दिवशी १०० ग्रॅमने सुरुवात करून आठवडाभरात वाढवावा, नाहीतर पोटात आम्ल साचून मेंढ्या बसतात. जंतांचा बंदोबस्त खुराकाच्या आधी करावा, कारण पावसाळ्यात रक्त पिणारे जंत खुराकाचा फायदा मेंढीपर्यंत पोहोचूच देत नाहीत. मात्र गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक पाजू नये. गर्भात व्यंग येऊ शकते.

वय. कोकरी प्रौढ वजनाच्या ६० ते ७० टक्क्यांवर पोहोचली की माजावर येऊ लागते. जन्मतारखेपेक्षा वजन पाहूनच तिला मेंढा दाखवावा. कमी वजनात फळलेली कोकरी विताना अडते, दूध कमी देते आणि स्वतःही खुरटते. जुळ्यांचे प्रमाण चार ते सहा वर्षांच्या मेंढ्यांत सर्वाधिक असते. दात पडू लागले की चरणे कमी होते आणि त्यामागोमाग सगळेच घसरते.

मेंढा. एक वांझ मेंढी म्हणजे एका कोकराचा तोटा, एक नापीक मेंढा म्हणजे पूर्ण हंगामाचा. तरीही विकत घेताना लोक शिंगे आणि उंची पाहतात, वृषण क्वचितच चाचपतात. दोन्ही वृषण सारखे, घट्ट पण दाबल्यास किंचित दबणारे, गाठ नसलेले असावेत. एकच वृषण उतरलेला मेंढा पैदाशीला ठेवू नये. जाणत्या मेंढ्यामागे २५ ते ३० मेंढ्या पुरेत, नव्या मेंढ्यामागे पंधराच्या आसपास.

वृषणाचे तापमान शरीरापेक्षा चार-सहा अंशांनी कमी राहावे लागते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ४९ दिवस आणि पक्व होऊन बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे लागतात. एप्रिल-मेच्या उन्हाचा किंवा चढलेल्या तापाचा परिणाम जूनमध्ये, मेंढा दिसायला ठणठणीत असताना दिसतो, तो यामुळेच. म्हणून त्याचा खुराक आणि सावलीची सोय हंगामाच्या दोन महिने आधी सुरू करावी, आणि उन्हाळ्यात वृषणावरची लोकर कातरावी.

मेंढा तीन-चार आठवडे नजरेआड, वासाआड ठेवून मग कळपात सोडला तर माज बंद असलेल्या बऱ्याच मेंढ्या दोन-तीन दिवसांत स्त्रीबीज सोडतात. हा पहिला माज मुका असतो, खरा माज १८ ते २५ दिवसांच्या दरम्यान दिसतो. विणी एका हंगामात गोळा करायची तर ही युक्ती बिनखर्चाची आहे. मेंढे ५१ दिवस, म्हणजे तीन माजचक्रे, ठेवून काढून घ्यावेत. वेगळा वाडा नसेल तर मेंढ्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधतात. तो सैल झाला की काम फसते, म्हणून सकाळ-संध्याकाळ तपासावा.

घरचाच मेंढा वर्षानुवर्षे वापरला की तो स्वतःच्या मुलींना लागतो. अशा कळपात कोकरे कमजोर निपजतात आणि मरही वाढते. दर दोन वर्षांनी मेंढा दुसऱ्या कळपातून आणावा, आणि पैदाशीला न ठेवायचे नर वेळीच खच्ची करावेत.

आनुवंशिकता आणि जुळी. जुळ्यांची अनुवंशक्षमता, म्हणजे हा गुण आईबापांकडून पिलांत उतरण्याचे प्रमाण, फार कमी असते. जुळ्यातली कोकरी निवडत गेल्यास फरक पडतो, पण अतिशय हळू. याला अपवाद एका जनुकाचा. बंगालच्या सुंदरबनातील लहानखुरी गारोळ मेंढी अनेक कोकरे देते, कारण तिच्यात ‘फेकबी’ हे जनुकरूप असते. ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनोतही हेच रूप आहे, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी तिकडे गेलेल्या बंगाली मेंढ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. हा बदल नेमका कोणत्या जनुकात आहे हे २००१ मध्ये उलगडले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळचे हे जनुकरूप दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेत गारोळ, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून अशाच प्रकारे ‘अविशान’ विकसित झाली.

या जनुकरूपाची एक प्रत असलेली मेंढी दर वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरे देते. दोन प्रती असलेल्या मेंढीत तिळ्यांचे प्रमाण वाढते, आणि फिरत्या कळपाला तिळी झेपत नाहीत. जुळी हवीत की नकोत हे मेंढीच्या दुधावरून आणि घरच्या चाऱ्यावरून ठरवावे. नुसत्या चराईवर असलेल्या कळपात जुळ्यांतले एक हातचे जाते, आणि उरलेलेही अशक्त राहते.

गाभणकाळ. तो सुमारे १५० दिवसांचा. पहिला महिना नाजूक असतो. गर्भ अजून नीट रुजलेला नसतो. या दिवसांत लांबची चाल, दाटीवाटीची वाहतूक, कुत्र्यांनी केलेली पळापळ किंवा अतिउष्णता यांनी तो जातो, आणि मेंढी नुसतीच ‘उलटल्यासारखी’ वाटते. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. तेव्हा जुळी धरलेल्या मेंढीचे पोट चाऱ्याला जागा ठेवत नाही. तिला २५० ते ४०० ग्रॅम खुराक दोन वेळा विभागून द्यावा. दिला नाही तर शरीरातली चरबी झपाट्याने वितळून रक्तात कीटोन हे घातक पदार्थ साठतात. मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, खात नाही, भिंतीला धडकते, मग बसते. बसल्यानंतर वाचणे कठीण, म्हणून वेगळी राहिलेली मेंढी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

गाभडणे. शेवटच्या दोन महिन्यांत एकामागून एक मेंढ्या गाभडल्या, म्हणजे त्यांचे गर्भ पडले, तर सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेला), क्लॅमिडिया किंवा पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) यांची शंका घ्यावी. ब्रुसेला माणसालाही होतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना टाकू नये. नमुना तपासणीला देऊन उरलेले चुना टाकून खोल पुरावे. गाभडलेली मेंढी वेगळी बांधावी आणि निदान होईपर्यंत बाजारात नेऊ नये. तिथून रोग दहा कळपांत पसरतो.

विल्यावर. कोकराने पहिल्या एक-दोन तासांत चीक प्यायला हवा, २४ तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. अडीच किलोच्या कोकराला म्हणजे पाव लिटर, चार-पाच वेळा मिळून. सडाचे तोंड मेणासारख्या गोळीने बंद असते. पहिली धार हाताने काढून टाकावी. जुळ्यांत दुसरे कोकरू आईला लावून उभे करावे, कारण ती पहिल्याला चाटण्यात गुंतलेली असते आणि दुसरे गारठून बसते. सलग दोन हंगाम न फळलेली मेंढी काढून टाकावी. पण त्याआधी तिला लावलेला मेंढा आणि तिच्या अंगावरचे मांस दोन्ही तपासावे.