काउंटर-स्ट्रेफिंग

काउंटर-स्ट्राइक आणि त्याच्या वळणाच्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये आडवे पळता पळता झटकन थांबून अचूक गोळी झाडता यावी, म्हणून पळण्याच्या उलट दिशेचे बटण दाबतात. या कौशल्याला काउंटर-स्ट्रेफिंग म्हणतात. स्ट्रेफ म्हणजे नजर समोर ठेवून डावी-उजवीकडे सरकणे. कीबोर्डवर त्यासाठी ए आणि डी ही बटणे असतात. नेम हुकला की नवा खेळाडू माउसला दोष देतो. पुष्कळदा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मधली नेमाची खूण, शत्रूच्या डोक्यावरच असतो, पाय तेवढे थांबलेले नसतात.

पळताना झाडलेली गोळी क्रॉसहेअरच्या मध्यावर जात नाही, खेळच ती इकडेतिकडे फेकतो. हातात चाकू असताना खेळाडू सेकंदाला २५० एकके धावतो, एके-४७ घेतल्यावर २१५. वेग त्या बंदुकीच्या कमाल वेगाच्या साधारण ३४ टक्क्यांखाली आला की हालचालीमुळे होणारी फेकाफेक संपते. एके-४७ साठी हा आकडा ७३ च्या आसपास येतो, म्हणजे पूर्ण थांबण्याचीही गरज नसते. बटण नुसते सोडले तर घर्षणाने तिथवर यायला अंदाजे ०.२ सेकंद लागतात. उलटे बटण दाबले तर त्याच्या निम्म्याहून कमी वेळ पुरतो, आणि समोरासमोरच्या चकमकीत एवढ्या फरकावर जीव जातो.

या हालचालीचे मूळ जुने आहे. मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळावर बसवलेला मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करून केलेला नवा खेळ, म्हणून काउंटर-स्ट्राइक सुरू झाला. हाफ-लाइफचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम, क्वेक या त्याआधीच्या नेमबाजीच्या खेळाच्या इंजिनावरून बेतलेले होते. क्वेकमध्ये धावत धावत मारणे हाच खेळ. काउंटर-स्ट्राइकने धावताना नेम बिघडेल असा नियम घातला आणि थांबणे हे वेगळे शिकण्याचे काम झाले.

समजा खेळाडू भिंतीआड आहे. क्रॉसहेअर त्याने आधीच डोक्याच्या उंचीवर, शत्रू दिसेल त्या जागी धरून ठेवला आहे. डी दाबून तो उजवीकडे बाहेर येतो, डी सोडतो, ए ला क्षणभर टिचकी देतो आणि त्याच वेळी गोळी झाडतो. एके-४७ ची डोक्यात बसलेली एक गोळी हेल्मेट असले तरी पुरते. यात दोन चुका हमखास होतात. डी सोडण्याआधीच ए दाबला तर दोन्ही बटणे एकमेकांना रद्द करतात आणि थांबवण्याचे काम एकट्या घर्षणावर पडते. ए जास्त वेळ दाबून ठेवला तर खेळाडू डावीकडे पळू लागतो आणि नेम पुन्हा सुटतो.

माउसची बाजूही महत्त्वाची आहे. या खेळातले बरेच कसलेले खेळाडू माउस मंद ठेवतात. माउसचा डीपीआय (एक इंच सरकल्यावर तो किती टप्पे मोजतो तो आकडा) ४०० आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी (माउसच्या हालचालीला नजर किती वळते ते ठरवणारा आकडा) २ असेल तर एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो, त्यामुळे बारीक दुरुस्तीत हात थरथरला तरी क्रॉसहेअर फार हलत नाही. पण आधी पाय, मग माउस, हाच क्रम धरावा. पायांची सवय नसताना रोज सेन्सिटिव्हिटी बदलत बसण्याने कुणाचा नेम सुधारत नाही.

सरावासाठी रिकामा नकाशा आणि एक भिंत पुरते. हालचालीबरोबर फाकणारा क्रॉसहेअर लावावा, तो मिटला की गोळी झाडावी आणि भिंतीवरची खूण पाहावी. सुरुवातीला एकेक गोळीच. डावी-उजवी लय बोटांत बसल्यावर बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले शत्रू, आणावेत.

२०२४ मध्ये या कौशल्यावरून मोठा वाद झाला. रेझर आणि वूटिंग यांच्या काही कीबोर्डांवर अशी सोय आली की डी दाबलेला असतानाच ए दाबला, तर कीबोर्ड डी आपोआप सोडून देतो. वर सांगितलेली पहिली चूक त्याने होऊच शकत नाही. ऑगस्टमध्ये खेळाची कंपनी वॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ही सोय वापरण्यास मनाई केली. वापर आढळल्यास खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. हा निर्णय योग्यच होता, कारण वर्षानुवर्षे बोटांनी कमावलेली अचूक वेळ यंत्राच्या हाती गेली असती. असा कीबोर्ड वापरणाऱ्याला सामन्यात उतरण्यापूर्वी ती सोय बंद करावी लागते.