पार्श्वभूमी: कुठल्या ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते?

चरकसंहितेत चार मेध्य रसायने, म्हणजे बुद्धी आणि स्मरण वाढवणारी औषधे, सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा. त्यांत शंखपुष्पीला मान जास्त. ब्राह्मी या चारांत नाहीच. ती येते अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, चिकित्सेत, तुपात सिद्ध करून. सुश्रुतसंहितेत मंडूकपर्णी आणि ब्राह्मी या दोन्ही वनस्पती मेधेसाठी येतात, पण वेगवेगळ्या. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात दोघींचे गुण एकत्र दिले गेले आणि ब्राह्मी नेमकी कुठली, हा घोळ पक्का झाला.

तो अजून सुटलेला नाही. केरळात आणि बंगालमध्ये ब्राह्मी म्हणजे बाकोपा, ओलसर जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची. आपल्याकडे कुंडीत लावतात आणि तेलात उकळतात ती गोल पानांची ब्राह्मी बहुधा सेंटेला असते, म्हणजे मंडूकपर्णी. बाकोपाला आपण नीरब्राह्मी म्हणतो. सेंटेला कोथिंबीर-गाजराच्या कुळातली, बाकोपाचे कूळच निराळे. देशाच्या अधिकृत आयुर्वेदिक औषधकोशाने ‘ब्राह्मी’ हे नाव बाकोपाला दिले आणि सेंटेलाला मंडूकपर्णी ठरवले. अनेक वैद्यांच्या घरच्या परंपरेला हे मानवणारे नव्हते. तरी निर्णय योग्यच म्हणावा लागतो, कारण नाव एकाला बांधल्याशिवाय अर्काचे प्रमाणीकरण होत नाही. बाजाराने मात्र सोयीचे तेवढे उचलले. चाचण्या झाल्या बाकोपाच्या, पोटात घ्यायच्या अर्कावर, आणि त्यांचा हवाला मिळतो डोक्याला चोळायच्या सेंटेलाच्या तेलाला!

या चाचण्यांची सुरुवात लखनौची. १९६०च्या दशकात तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत बाकोपातून बॅकोसाइड हे तिचे गुणकारी मानले जाणारे द्रव्य वेगळे केले गेले, पुढे उंदरांच्या शिकण्यावर प्रयोग झाले, १९९०च्या दशकात गोळी बाजारात आली. हे बॅकोसाइड एकच द्रव्य नसून अनेक सॅपोनिनांचे (वनस्पतींतल्या साबणासारख्या फेसाळ द्रव्यांचे) मिश्रण आहे, हे नंतर कळले. २००१ साली ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी माणसांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क किंवा बिनऔषधी गोळी दिली गेली. पाच आठवड्यांनी फरक नव्हता. बाराव्या आठवड्यात शिकण्याचा वेग आणि शब्द लक्षात राहणे सुधारले. २००८ साली अमेरिकेत पासष्टीपुढच्या ५४ जणांत, तेवढ्याच मात्रेने आणि तेवढ्याच काळात, थोड्या वेळापूर्वी ऐकलेले शब्द आठवणे सुधारले. काहींचे पोट बिघडले.

बारा आठवड्यांत शब्द जास्त आठवणे आणि दहा वर्षांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळणे यांत फार अंतर आहे. ते मोजले गेले गिंकोच्या, म्हणजे स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या, बाबतीत. अमेरिकेत पंचाहत्तर वर्षांपुढच्या ३,०६९ जणांना साधारण सहा वर्षे रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा बिनऔषधी गोळी दिली. २००८ साली निकाल आला: गिंकोच्या गटात डिमेन्शियाचे २७७ रुग्ण, दुसऱ्यात २४६. इतक्या वयात औषध सुरू करून उपयोग काय, असा आक्षेप निघाला. तो बिनबुडाचा नाही. पण ब्राह्मीच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बाटल्यांमागे एवढी परीक्षासुद्धा नाही.