अपिलात नवा मुद्दा आणि अपिलात नवा पुरावा

ऑस्ट्रेलियात युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामाच्या जागी जायचं तर 2009च्या फेअर वर्क कायद्याखाली परमिट लागतं. कामगारांशी बोलायला जायचं असेल तर किमान 24 तास आधी नोटीस, आणि बोलणं फक्त जेवणाच्या किंवा इतर सुट्टीत. यावरून भांडण झालं की ते फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे कामगार-मालक वाद सोडवणाऱ्या तिथल्या लवादाकडे जातं. दंडाचा मामला असेल तर कोर्टात. हरलेला पक्ष अपिलात म्हणतो, ‘आमचं अजून एक सांगायचं राहिलंय.’ ते राहिलेलं मुद्दा आहे की पुरावा, हे आधी पाहावं लागतं.

पुरावा म्हणजे फोटो, ईमेल, साक्षीदार. याच कायद्याच्या कलम 607मुळे कमिशनच्या फुल बेंचला (अपील ऐकणाऱ्या पीठाला) नवा पुरावा घेता येतो, पण सहसा विचारलं जातं: नीट शोधूनही तो आधी मिळाला नसता का? विश्वासार्ह आहे का? त्याने निकाल बदलण्याची दाट शक्यता होती का? आपल्याकडच्या वकिलांना इथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 41, नियम 27 (अपिलातल्या जादा पुराव्याचा) आठवेल.

मुद्द्याचं तसं नाही. फाइल तीच, कागद तेच, फक्त कायद्याचं बोट दुसऱ्या कलमावर ठेवायचं. ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण गोची इथेच आहे. ‘सटर विरुद्ध गुंडोवडा’ (1950) या निकालात हायकोर्टाने (तिथलं हे सर्वोच्च न्यायालय) रेघ ओढली: मुद्दा वेळेत आला असता तर समोरच्याला तो खोडणारा पुरावा देता आला असता, अशी शक्यता असेल, तर तो मुद्दा अपिलात घेता येणार नाही.

समजा, अपिलात युनियन पहिल्यांदाच म्हणाली, ‘मालकाने दिलेल्या खोलीत कामगार एरवी जेवत नाहीत.’ दिसतो हा कलम 492चा (बोलणं कुठल्या खोलीत व्हावं याचा) मुद्दा, पण आत वस्तुस्थिती दडलेली आहे. मालकाने सुपरवायझरला साक्षीला उभं केलं असतं, उलटतपासणी झाली असती. दार बंद.

उलट, कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीच्या बोलावण्यावरून आलेल्या युनियन पदाधिकाऱ्याला फेअर वर्क कायद्याखालचं हे फेडरल परमिट लागायचं का, हा प्रश्न घ्या. तो आला, परमिट नव्हतं, हे दोघांना मान्य असेल तर उरतो निव्वळ कायद्याचा अर्थ. व्हिक्टोरियातल्या एका प्रकरणात 2017 मध्ये फेडरल कोर्टाच्या फुल कोर्टाने (अपील ऐकणाऱ्या पीठाने) तेव्हाच्या कायद्यावरून ‘लागतं’ असं सांगितलं; 2023च्या दुरुस्तीने ही अट काढली. तिथे हा वाद सुरुवातीपासूनच होता; पण असा प्रश्न अपिलात प्रथमच आला, तरी त्याला संधी मिळू शकते. फेडरल कोर्ट पाहतं की न्यायाच्या दृष्टीने तो ऐकणं उचित आहे का.

फुल बेंचपुढे आणखी एक अडचण. तिथे अपिलाची परवानगी मागावी लागते आणि मूळ निकालातली चूक दाखवावी लागते. जो मुद्दा मूळ प्रकरण ऐकणाऱ्या कमिशनच्या सदस्यापुढे कुणी मांडलाच नाही, त्यावर तो चुकला, हे म्हणायचं तरी कसं? म्हणून मला तरी, मान्य वस्तुस्थितीवर उभा असलेला कायद्याचा प्रश्न सोडला, तर बाकी नव्या मुद्द्यांवर अपिलाचा खर्च करणं शहाणपणाचं वाटत नाही.